आईला त्या बदल्याच्या छोट्या मालिका का सोडवत नाहीत?

तुम्ही विचारलंय की आई दुपारभर मोबाईलवर दीड-दोन मिनिटांचे भाग बघत बसते. गोष्ट तीच ती: घरजावयाचा नाहीतर मोलकरणीचा अपमान, मग तोच माणूस मोठा मालक निघतो, मग बदला. एवढं काय आहे त्यात?

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. जेवणाच्या सुट्टीत हळद निवडणाऱ्या बायका एका मोबाईलभोवती बसतात, काचेवर पिवळ्या अंगठ्यांचे ठसे. परवाच्या भागात सासूनं सुनेच्या अंगावर ताटातलं फेकलं. सून काही बोलली नाही, नुसती बाही पुसली. मी म्हटलं, "हिला तोंड नाही का?" मावशी नजर न काढता म्हणाल्या, "तिला बोलायची गरजच न्हाई. ती कोण हाय ते आपल्याला म्हाईत हाय की."

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. थप्पड तर शेवटी दहा सेकंदांत उरकते. गोडी असते ती आधीच्या वेळेची, जेव्हा खरं काय ते आपल्याला ठाऊक असतं आणि अपमान करणाऱ्याला नसतं.

ही लाट चीनमधून आली, तिकडे याला दुआनजू म्हणतात. पण गोष्ट आपल्याला कुठे नवी आहे? विराटपर्व आठवा. भीम मुदपाकखान्यात बल्लव, द्रौपदी सैरंध्री. भर सभेत कीचक तिला लाथ मारतो, भीम उसळतो, आणि कंक झालेला युधिष्ठिर त्याला खुणेनं आवरतो. अज्ञातवास उघडा पडला तर पुन्हा बारा वर्षं वनवास. ऐकणाऱ्याला मात्र तो स्वयंपाकी कोण ते पक्कं माहीत असतं. आमच्या सांगलीत १८७२ साली जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी यावरच १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं. लोकांनी कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ओळखला, आणि १९१० साली इंग्रज सरकारनं नाटकावर बंदी घातली. उघड बोलायची सोय नसलेल्यांना गप्प बसलेला भीम किती जवळचा वाटला असेल!

मला तरी वाटतो. आधीच्या एका दुकानात शेठनी सगळ्यांदेखत माझ्यापुढे खतावणी भिरकावली होती. चूक त्यांच्या मुलाची होती. मी ती उचलली, पदरानं पुसली आणि पुढचं पान लिहायला घेतलं, कारण पाच तारखेला घराचा हप्ता होता. त्या दिवशी गाडीतून उतरून कोणी माझ्यापुढे वाकलं नाही. मालिकेत वाकतात. तेवढ्या दीड मिनिटात ती खतावणी कोणीतरी परत उचलून माझ्या हातात देतंय असं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला खुपते. मान मिळतो तो ती मालकीण निघाली म्हणून. झाडू मारणारी झाडूवालीच राहिली आणि तरी तिची माफी मागितली गेली, अशी एक तरी मालिका यावी असं फार वाटतं.

पैशांचं तेवढं बघा. सुरुवातीचे भाग फुकट असतात. मग हात उगारला की नेमका तिथेच भाग संपतो, आणि पुढच्यासाठी पैसे देऊन घ्यायचे कॉइन नाहीतर जाहिरात. असे ६० ते १०० भाग. आईच्या मोबाईलवर ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापले जाणं, चालू राहिलंय का ते तपासा, पण ओरडू नका.

आणि एकदा शेजारी बसून बघा. मी आमच्या मावशींना विचारलं होतं, त्या सासूकडे बघून कोण आठवतं? त्यांनी मोबाईल पालथा घातला. सुट्टी संपल्याची हाक आली तरी त्या बोलतच होत्या, आणि बाकीच्या सगळ्या हात थांबवून ऐकत होत्या.