शाळेचा धसका कोणाला?

प्रश्न : दहशतवादाला शिक्षण हेच उत्तर आहे, असे मलाला युसुफझाई सतत सांगतात. परंतु ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील एक प्रमुख, महंमद अटा, जर्मनीत नगररचना शिकलेला होता आणि अल-कायदाचा अयमान अल-जवाहिरी तर डॉक्टर होता. मग मलाला यांचे म्हणणे भाबडे नाही का?

उत्तर : आपली दोन्ही उदाहरणे खरी आहेत आणि पदवी हाती पडली की माणूस सहिष्णू होतो, असे कोणी म्हणत असेल तर ते मलाही पटणार नाही. मलाला यांचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो समजून घ्यायचा तर त्यांच्या गावाकडेच पाहावे लागते.

पाकिस्तानातील स्वात खोऱ्यात तालिबानचा नेता मौलाना फजलुल्ला याने आपला जम बसवला तो एफएम रेडिओवरून. सुरुवातीला त्याची प्रवचने इतकी भावली की बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. पुढे त्याच रेडिओवरून शाळा सोडणाऱ्या मुलींची नावे घेऊन त्यांचे अभिनंदन होऊ लागले आणि १५ जानेवारी २००९ पासून एकाही मुलीने शाळेत जाऊ नये, असे फर्मान निघाले. त्या काळात खोऱ्यातील शेकडो शाळा उद्ध्वस्त झाल्या. घरोघरी एकच आवाज पोहोचत असताना, त्या आवाजाला प्रश्न विचारायला शिकवणारी दुसरी जागा म्हणजे शाळा होती, आणि माझ्या मते तिचा धसका घेण्याचे कारणही हेच.

अकरा वर्षांच्या मलाला तेव्हा ‘गुल मकई’ या टोपणनावाने बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहीत होत्या. गणवेश घालून येऊ नका, असे शाळेने बजावल्यामुळे आपण आवडता गुलाबी पोशाख घातला, अशी एक नोंद तीत आहे. १४ जानेवारीला मुख्याध्यापिकांनी हिवाळ्याची सुटी जाहीर केली, पण शाळा पुन्हा कधी उघडणार ती तारीख सांगितली नाही. त्या दिवशी मुली अंगणात नेहमीपेक्षा जास्त वेळ खेळत राहिल्या. भाबडेपणा म्हणावा असे यात मला तरी काही दिसत नाही, कारण काय हिरावले जात आहे हे त्या मुलींना पुरते ठाऊक होते.

९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेच्या गाडीत मलाला यांच्यावर गोळी झाडली गेली; २०१४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, कैलाश सत्यार्थी यांच्यासह त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. हा इतिहास आपण जाणताच.

शिक्षणाने बंदूक अडत नाही, हे मान्यच करायला हवे. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला, तेव्हा मुले शाळेतच होती. संरक्षण हे सरकारचेच काम आहे आणि शाळा चालवणे हेही. पाकिस्तानच्या राज्यघटनेत ५ ते १६ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी २०१० पासून आहे.

आपली दोन्ही उदाहरणे शिकलेल्या पुरुषांची आहेत, म्हणून त्यांवर आणखी एक सांगतो. २०२१ मध्ये अफगाणिस्तानची राजधानी काबूल ताब्यात आल्यावर तिथल्या तालिबानने सहावीच्या पुढच्या मुलींना घरी बसवले. मुलग्यांच्या शाळा त्यांनी चालू ठेवल्या.