शॉकअपमधून तेल गळते, तेव्हा

प्रश्न : माझ्या आठ वर्षे जुन्या १५० सीसी मोटारसायकलच्या पुढच्या डाव्या शॉकअपच्या पाइपवर तेलाचे कडे दिसते आणि ब्रेक दाबताच गाडी पुढे झुकते. त्या एका बाजूचे सील बदलून, गळाले असेल तितके इंजिन ऑइल वरून भरावे, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : सील बदलावेच लागेल; बाकीचे मात्र मान्य करू नका. गाडीचा भार स्प्रिंग पेलते, तर तेल आतल्या बारीक छिद्रांतून ये-जा करताना त्या स्प्रिंगची उसळी आवरते; त्यामुळे तेलाचा घट्टपणा बदलला की गाडीची चालही बदलते. २०डब्ल्यू-४० या प्रकारच्या इंजिन ऑइलच्या नावातील ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला तपासलेल्या घट्टपणाचा असतो. शॉकअप तेवढा कधीच तापत नाही, आणि ४० अंशांच्या आसपास हेच इंजिन ऑइल १०डब्ल्यू फोर्क ऑइलच्या (पुढच्या शॉकअपसाठीच्या तेलाच्या) तिप्पट-चौपट घट्ट असते. गाडी ‘टाइट’ झाल्याचे समाधान सुरुवातीला मिळेल. पण लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअप पुरता उघडण्याआधीच पुढचा धक्का येईल आणि तो थेट हँडलला बसेल.

तेल दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे, कारण उजवीकडचे तेलही तितकेच जुने आहे आणि धातूच्या कणांनी मळलेले असणार. ‘गळाले तितके’ हा हिशेब तर निरर्थकच, कारण किती गळाले हे कोणालाच ठाऊक नसते. नवे तेल भरल्यावर पाइप काही वेळा वरखाली करून हवा काढावी. मग स्प्रिंग बाहेर ठेवून, पाइप पूर्ण खाली दाबून, त्याच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचे अंतर सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे दोन्हीकडे सारखे राखावे. तेल जास्त झाले, तर वरची हवा कोंडून दाब वाढतो आणि नवे सीलही गळू लागते.

सील बसवण्यापूर्वी पाइपवरून नख फिरवून पाहावे. गंजाचा खड्डा लागला, तर सील पुन्हा फाटणार हे धरून चालावे. वरचा बोल्ट स्प्रिंगच्या दाबाखाली असतो, म्हणून चेहरा दूर ठेवून तो सावकाश सोडवावा. डिस्कवर तेल उतरले असेल, तर त्या ब्रेकवर गाडी चालवू नये. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसावी आणि तेल प्यायलेले पॅड धुऊन वापरण्यापेक्षा नवेच घालावेत.