लायबेरियावर लिहिण्याआधी

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया निवडलास ते बरं केलंस, पण ‘शांतिसेना यशस्वी की अपयशी’ हा प्रश्न आधी खोडून टाक. परिसंवादात तो शोभतो, हाती मात्र काही लागत नाही. बाहेरच्यांनी त्या देशाचं नेमकं काय आपल्या हातात घेतलं आणि जाताना ते कुणाच्या हवाली केलं, एवढंच शोध.

सुरुवात ठरावांपासून नको, बंदुकांपासून कर. यादवी युद्ध पेटलेलं असताना ऑगस्ट २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर सत्ता सोडून नायजेरियाला गेला, आठवडाभरात घानाची राजधानी आक्राला शांतता करार झाला आणि सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५,००० सैनिकांची शांतिसेनेची मोहीम मंजूर केली. कागदावर! ७ डिसेंबरला राजधानी मन्रोव्हियाजवळच्या शीफलिन छावणीत शस्त्रं जमा करायला सुरुवात झाली, तेव्हा त्यातले निम्मेही सैनिक पोचले नव्हते. लढवय्यांची झुंबड उडाली. पैसे लगेच मिळत नाहीत म्हटल्यावर गोळीबार झाला, माणसं मेली, काम बंद पडलं. ते पुन्हा सुरू व्हायला एप्रिल उजाडला.

पुढचे आकडे नीट बघ. अंदाज होता सुमारे ३८,००० लढवय्यांचा. नोंदणी झाली लाखावर माणसांची आणि बंदुका आल्या जेमतेम २८,०००. याचं कारण नियमातच होतं. बंदूक नसली तरी १५० काडतुसं दाखवली की यादीत नाव लागायचं, आणि नाव लागलं की दोन हप्त्यांत ३०० डॉलर. मग कमांडर ठरवणार कुणाच्या हातात काडतुसं द्यायची. कधी बंदूक न धरलेले लोक रांगेत लागले आणि लढलेली काही पोरं बाहेर राहिली. आपल्याकडचे हजेरीपट तू पाहिले आहेस, तुला हे नवं वाटू नये. म्हणून ‘भ्रष्टाचार’ असा शेरा मारून मोकळी होऊ नकोस. त्या यादीमुळे कमांडरचं वजन टिकलं की ओसरलं, ते तपास.

दुसरं प्रकरण सह्यांचं. करारानंतरच्या हंगामी सरकारच्या काळात तिजोरीला इतकी गळती लागली की २००५ मध्ये देणगीदारांनी अट घातली: महत्त्वाच्या सरकारी खात्यांत आणि महामंडळांत, मध्यवर्ती बँकेत परदेशी तज्ज्ञ बसतील आणि त्यांच्या सहीशिवाय पैसा हलणार नाही. सार्वभौमत्व गेलं म्हणून ओरड झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. तरी एलेन जॉन्सन सर्लीफ यांनी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून सूत्रं हाती घेतल्यावर ही व्यवस्था चालू ठेवली आणि २०१० मध्ये देशाचं बहुतांश परकीय कर्ज माफ करून घेतलं. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा जीव इथे आहे, आणि आराखड्यात याला तू एकच परिच्छेद दिला आहेस.

२००७ ते २०१६ या काळात तिथे असलेल्या आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिला तुकडीवर मात्र तू पानंच्या पानं योजली आहेस. त्यांचं कौतुक रास्तच आहे. तरी शांततेसाठी मासळीबाजाराजवळ पांढरे कपडे घालून उन्हात बसलेल्या, आक्राला वाटाघाटींच्या दारात ठाण मांडून पुढाऱ्यांना बाहेर पडू न देणाऱ्या लायबेरियन बायका त्याआधीच्या, २००३ मधल्या. लेमा बोवी आणि त्यांच्या साथिणींना मागे टाकून आपल्या मुलींना पुढे आणलंस तर क्रमच चुकेल.

निवडणुकांवर फार शाई घालवू नकोस. जानेवारी २०१८ मध्ये जॉर्ज वेआ यांच्याकडे सत्ता शांतपणे गेली, मार्चअखेर मोहिमेने गाशा गुंडाळला. २०२३ मध्ये वेआ अगदी थोडक्यात हरले आणि त्यांनी हार मान्य केली. एवढं पुरे.

उरला न्याय. टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी, लायबेरियातल्या नव्हे. सत्यशोधन आयोगाने २००९ मध्येच खास न्यायालयाची शिफारस केली होती. ज्यांना पदांपासून दूर ठेवा असं आयोगाने सुचवलं, त्यांत खुद्द सर्लीफ यांचंही नाव होतं. त्या न्यायालयासाठी कार्यालय उघडण्याचा आदेश निघायला २०२४ साल उजाडलं. मधली पंधरा वर्षं कुणाकुणाला सोयीची होती, याची टिपणं काढ आणि सह्यांच्या प्रकरणाबरोबर मला पाठव. बाकीचं मागाहून पाहू.