खेळ झाला, शब्द कुठे गेले?

या वेळचा पत्रांचा गठ्ठा जवळजवळ एकाच विषयावरचा आहे: इंग्रजी शब्द लक्षात राहत नाहीत, मग खेळ घेऊन काही फरक पडतो का. शिक्षक, आईबाबा, सांगलीच्या एक काकू, सगळ्यांनीच विचारलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत.

प्रश्न: ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात जि.प. शाळेत चौथीला शिकवते, पट ३८. इंग्रजीच्या तासाला हँगमन (एकेक अक्षर ओळखत शब्द शोधायचा खेळ) घेते, स्पेलिंगची अंताक्षरी घेते, कधी मैदानावर 'मामाचं पत्र हरवलं' घेऊन पाकिटात शब्दाचं कार्ड ठेवते. मुलं इतकी खूश असतात की शेजारच्या वर्गातले सर भिंत ठोकतात. पण पुढच्या आठवड्यात तेच शब्द विचारले की वर्ग चिडीचूप. मग खेळ घ्यायचेच कशाला?

उत्तर: मॅडम, खेळ घ्याच, पण एकदा मागे उभं राहून बघा की एका डावात एका पोराला किती वेळा शब्द आठवावा लागला. हँगमनमध्ये एक पोरगं फळ्याजवळ आणि बाकीचे 'ए आहे का, ई आहे का' ओरडतात, म्हणजे सगळं लक्ष अक्षरांवर, अर्थाचा तिथे संबंधच येत नाही. शब्द ओळखला तरी तो माहीत असलाच पाहिजे असं नाही. अंताक्षरीचं तर विचारूच नका, इंग्रजीत ई ने संपणारे शब्द एवढे आहेत की गाडी फिरून फिरून ई वर येते आणि मग एलिफंट, एग, ईअर, परत एलिफंट म्हटलं की 'झालाय झालाय' म्हणून भांडण. त्यात मुलं येत असलेलेच शब्द म्हणतात, नवीन शब्द शिरायला जागाच नाही. आणि 'मामाचं पत्र' मध्ये एका फेरीला एक शब्द, तोही एकाच्या वाट्याला, बाकीचे ३७ टाळ्या वाजवतात. छान खेळ आहे, शनिवारी घ्या, पण त्यातून शब्दांची अपेक्षा ठेवू नका.

शब्द पक्का व्हायचा तर तो नुसता ऐकून किंवा वाचून भागत नाही, तो डोक्यातून ओढून काढायला लागतो, आणि तेही पुन्हा पुन्हा, मधे थोडे दिवस जाऊ देऊन. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन यांच्या लिखाणातही हा मुद्दा सतत येतो. म्हणून जिथे प्रत्येक पोराला प्रत्येक शब्द आठवावा लागतो असा खेळ निवडा. माझी आवड विचाराल तर तांबोला, पण नियम बदलून.

फळ्यावर १२ शब्द लिहा. मुलांनी वहीत ३ बाय ३ च्या ९ चौकटी आखायच्या आणि १२ मधले कुठलेही ९ शब्द भरायचे. आता फळा पुसा, आणि मुख्य गोष्ट म्हणजे शब्द पुकारायचाच नाही. तुम्ही खूण द्यायची. 'आय हॅव ड्रंक नो वॉटर सिन्स मॉर्निंग' म्हणून घसा धरायचा. मुलाने आधी शेजारच्याच्या कानात 'थर्स्टी' म्हणायचं आणि मगच चौकटीवर चिंचोका ठेवायचा. (शेंगदाणे देऊ नका, पहिल्या ओळीच्या आतच गायब होतात.) ज्याची ओळ पूर्ण झाली त्याने ते तीन शब्द घेऊन वाक्यं म्हणायची, चुकलं की ओळ बाद आणि खेळ पुढे चालू. दुसऱ्या दिवशी तेच १२ शब्द, पण चौकटीत शब्द लिहायचा नाही, चित्र काढायचं. 'लॅडर'चं सोपं आहे, 'बॉरो'चं काय काढतात ते बघा. एकाने वाकडातिकडा, पेन्सिल उसनी घेणारा हात काढला की अर्थ समजला का हे वेगळं विचारायला नको. आता चौकटीत शब्दच नाही म्हटल्यावर तो आतूनच यावा लागतो. मग तीनचार दिवस सोडा आणि एक छोटा डाव परत, पुढच्या आठवड्यात अजून एक.

अजून एक, शब्द निवडताना सगळ्या भाज्या एकाच दिवशी, सगळे रंग एकाच दिवशी असं करू नका. पुस्तकात तसंच असतं, दिसायलाही नीटनेटकं वाटतं, पण नवीन शब्द एकाच जातीचे असले की मुलं त्यांची अदलाबदल करतात. लेफ्ट आणि राइट एकाच दिवशी शिकवून बघा, पाचवीपर्यंत गोंधळ पुरतो. टिंकहॅम नावाच्या अभ्यासकाने १९९३ मध्ये हे तपासून दाखवलंय, एका गटातले शब्द एकदम दिले की शिकायला जास्त वेळ लागतो. म्हणून लॅडर, थर्स्टी, शॅडो, स्वीप, एम्प्टी, बॉरो असं मिसळीचं मिश्रण चांगलं. भाज्यांचा गट नंतर करा, शब्द ओळखीचे झाल्यावर, तेव्हा तो उजळणीला मस्त चालतो.

प्रश्न: आमचे मुख्याध्यापक म्हणतात पोर्शन संपत नाही आणि तुम्ही खेळत बसता. शिवाय खेळात तीच चार हुशार मुलं जिंकतात, मागच्या बाकावरची नुसती बघतात. काय करू? (नाशिक जिल्हा, सहावीचे शिक्षक)

उत्तर: सर, पूर्ण तास खेळू नका हो. तासाच्या सुरुवातीची १० मिनिटं, मागच्या धड्यातले शब्द, बस. मुख्याध्यापकांना सांगा ही उजळणी आहे, खोटं तर नाहीच ते.

तीच चार मुलं जिंकतात कारण खेळ वेगाचा आहे, 'आधी हात वर करेल त्याला मार्क' असा. वेग काढून टाका आणि नशीब घाला. जोड्या लावायचा पत्त्यांचा खेळ घ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं होतात, एकावर शब्द, एकावर चित्र, सगळी पालथी. चारचार मुलांचे गट. पत्ता उलटला की मोठ्याने बोलायचं, चित्र आलं तर शब्द आणि शब्द आला तर अर्थ, नाही बोललं तर जोडी जुळूनही मिळणार नाही. कुठलं कार्ड कुठे आहे हे लक्षात ठेवण्यात मागच्या बाकावरची पोरं कित्येकदा पुढची निघतात. आणि गटात चारच जण असल्यामुळे बघत बसायची सोय नाही.

प्रश्न: मुलगा सहा वर्षांचा, इंग्लिश मीडियममध्ये पहिलीला. घरी आम्ही दोघंही मराठीच बोलतो. त्याला एक शब्दांचं अॅप दिलंय, रोज स्टार मिळवतो, लेव्हल वाढत चाललीय, पण पाहुण्यांसमोर एक शब्द तोंडातून निघत नाही. पैसे वाया गेले का? (पुण्याच्या एक आई)

उत्तर: पैशांचं जाऊ द्या. अॅपमध्ये बहुतेक वेळा चार चित्रं दिसतात आणि त्यातल्या एकावर बोट ठेवायचं असतं, म्हणजे समोर दिसलेलं ओळखायचं. तोंडाने बोलायचं काम कोणी सांगितलेलंच नाही, तर येणार कुठून? अॅप ठेवायचं असेल तर एकच अट घाला, बोट लावायच्या आधी शब्द मोठ्याने म्हणायचा. आणि पाहुण्यांसमोर 'बाळा, इंग्लिश बोलून दाखव' हे प्लीज बंद करा, आपल्याला तरी कोणी असं म्हटलं तर सुचेल का काही?

त्यापेक्षा 'शिवाजी म्हणतो' खेळा. आपल्याकडे प्रत्येकाने खेळलेला आहे, 'शिवाजी म्हणतो हात वर' म्हटलं तरच हात वर, नुसतं 'हात वर' म्हटल्यावर केला की बाद. फक्त हुकूम इंग्रजीत द्या. जेम्स अॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हुकूम ऐकून शरीर हलवत भाषा शिकायची पद्धत मांडली, तिचा अख्खा पाया आपल्या या खेळात आहे. जंप आणि सिटडाऊनवर थांबू नका, ते त्याला शाळेतच येतं. बेंड, स्क्वीझ, फोल्ड, पोअर, स्टर, पील घ्या. पोळ्यांची कणीक मळताना, मटार सोलताना स्वयंपाकघरात हा खेळ आपोआप होतो. चारपाच दिवसांनी त्याला शिवाजी करा. आता हुकूम त्याने द्यायचे आणि तुम्ही नि बाबांनी बाद व्हायचं, मुद्दाम चुका, बाबांना बाद करायला पोरगं कुठूनही शब्द शोधून आणतं. तुमचे उच्चार कसे आहेत याची चिंता नको, ते शाळा बघेल.

प्रश्न: माझं वय ५४. मुलगी कॅनडात आहे, पुढच्या वर्षी तिच्याकडे जायचंय म्हणून स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. तिथे आम्हा बायकांना लहान मुलांसारखे फळांचे फोटो दाखवून खेळ घेतात. लाज वाटते. मोठ्यांसाठी काही खेळ असतात का? (सांगली)

उत्तर: काकू, असतात की! फळांची नावं कॅनडाच्या दुकानात पाटीवर लिहिलेली असतात, तुम्हाला ती कशाला हवीत. तुम्हाला अडेल ते, शब्द आठवणार नाही तेव्हा. म्हणून टॅबू खेळा. चिठ्ठीवर एक शब्द आणि त्याखाली तीनचार बंदी घातलेले शब्द, ते न वापरता समोरच्याकडून मूळ शब्द वदवून घ्यायचा. समजा 'प्रिस्क्रिप्शन' आलंय, आणि डॉक्टर, मेडिसिन, पेपर म्हणायचं नाही. मग 'आय गो टु केमिस्ट, ही आस्क, व्हेअर इज इट' असं काहीतरी जुळवायला लागतं. व्याकरण गेलं चुलीत, समोरच्या बाईला कळलं की मार्क. परदेशात रोज हेच करायला लागतं, तेच आधी हसतखेळत होतं. चिठ्ठ्या तुम्ही मैत्रिणींनीच बनवा, एअरपोर्ट, दवाखाना, शेजारीण, नातवाची शाळा अशा विषयांवर, म्हणजे चिठ्ठी बनवतानाच निम्मे शब्द होतात. क्लासच्या बाईंनाही सुचवून बघा, बहुधा त्यांनाही फळांचा कंटाळा आला असेल.

प्रश्न: स्क्रॅबल (पटावर अक्षरं लावून शब्द बनवायचा खेळ) घ्यावा का? महाग आहे, पण सगळे म्हणतात व्होकॅब्युलरी वाढते. (ठाणे, आठवीच्या मुलीचे बाबा)

उत्तर: खेळ म्हणून घ्यायचा तर जरूर घ्या, मलाही आवडतो. पण व्होकॅब्युलरीसाठी असेल तर ऐका. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नाही. २०२४ मध्ये स्पॅनिशचीही जिंकली, तीही तशीच. शब्दांची यादी पाठ आणि गणित पक्कं असलं की झालं, १० मार्कांचा क्यू कुठल्या घरात बसवायचा हे कळलं पाहिजे, शब्दाचा अर्थ कोणी विचारत नाही. तुम्ही मात्र विचारा. घरचा नियम करा, शब्द लावला की त्याचं एक वाक्य म्हणायचं, नाहीतर मार्क अर्धे, आणि हा नियम बाबांनाही लागू.