स्कॅनिंगच्या व्हर्च्युअल मशीनसाठी खरोखर नवा सर्व्हर लागतो का?

अडीचशे संगणकांचे नेटवर्क ओपनव्हॅस या सुरक्षेतील त्रुटी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासायचे (म्हणजे स्कॅन करायचे) असल्यास व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाला, किती कोर आणि किती रॅम द्यावी, हाताशी असलेला 16 जीबीचा डेस्कटॉप पुरेल की नवा सर्व्हर मागावा, असे आपण विचारले आहे. डेस्कटॉप पुरेल. चार कोर, 8 जीबी रॅम आणि 60 जीबी जागा द्या. ओपनव्हॅस बनवणाऱ्या ग्रीनबोन कंपनीची शिफारसही हीच आहे, आणि त्यांची किमान अट तर दोन कोर, 4 जीबी रॅम व 20 जीबी जागा एवढीच आहे. एवढे लिहून मी थांबलो असतो, पण ‘नवा सर्व्हर मागावा का’ हे शब्द वाचले आणि राहवले नाही, कारण याच विषयावरून मी महिनाभर मालकांची बोलणी खाल्ली आहेत.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी संगणक आणि नेटवर्क सांभाळतो. ऑफिसचा एक आणि शॉपफ्लोअरचा एक असे दोन सबनेट (नेटवर्कचे वेगळे भाग), मध्ये एक जुना फायरवॉल, आणि दोन्हीकडची मिळून 173 उपकरणे असा आमचा संसार आहे. आमच्याकडून कास्टिंग घेणाऱ्या एका ग्राहकाने ऑडिटसाठी नेटवर्कमधील त्रुटींचा अहवाल मागितला, म्हणून मी माझ्याच चार कोरच्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन कोर आणि 4 जीबीचे मशीन उभे केले आणि शनिवारी दुसरी पाळी सुटल्यावर स्कॅन लावून घरी गेलो. रविवारी सकाळी पाहतो तर स्कॅन 42 टक्क्यांवर तुटलेला, आणि कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्यामुळे प्रोसेस मारल्याची नोंद.

मालकांनी पुण्याच्या एका सल्लागारांना फोन लावला. (विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय आमच्या गावात आहे, तरी आमच्या कारखानदारांना सल्ला पुण्याहून आलेलाच पटतो.) त्या गृहस्थांनी लॉग मागितला नाही, नेटवर्कची मांडणी विचारली नाही, फक्त निकाल दिला: “मशीनच कमी पडतंय. 32 जीबी करा आणि आठ कोर द्या.” रॅम आली. चार कोरच्या डेस्कटॉपवर आठ कोरचे, 24 जीबीचे मशीन मी, मनाविरुद्ध का होईना, तयार केले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा स्कॅन लावला.

या वेळी स्कॅन तुटला नाही, पण सोमवारी सकाळीही तो चालूच होता. फायरवॉलचे सेशन टेबल, म्हणजे चालू जोडण्यांची यादी, भरून गेल्यामुळे ऑफिसचे इंटरनेट बंद पडले, ई-वे बिल निघेना आणि माल भरलेले दोन ट्रक गेटपाशी उभे राहिले. तेवढ्यात डिस्पॅचचा क्लार्क कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “सर, इदु एनु?” (हे काय आहे?) प्रत्येक कागदावर सर्वांत वर ‘गेट’, एक तिरकी रेघ आणि ‘एचटीटीपी’ अशी एकच ओळ होती, खाली पान कोरे. स्कॅनरने 9100 क्रमांकाच्या पोर्टवर (छपाईचा मजकूर घेण्याच्या दारावर) केलेली चौकशी प्रिंटरने इमानेइतबारे छापून काढली होती.

खरा दोष अहवालात दिसला. दोन सबनेटमध्ये वापरता येण्याजोगे एकूण 508 पत्ते होते, आणि स्कॅनरच्या मते ते सगळेच्या सगळे चालू संगणक होते. व्हर्च्युअल मशीन मी नॅट मोडमध्ये, म्हणजे डेस्कटॉपच्याच पत्त्याआडून नेटवर्कशी बोलेल असे, ठेवले होते, आणि ही चूक सर्वस्वी माझी. त्या मोडमध्ये मधला नॅटचा थर काही चौकशांना स्वतःच उत्तर देतो आणि स्कॅनर ते समोरच्या संगणकाचे उत्तर समजतो. म्हणजे 173 उपकरणांसोबत आम्ही 335 भुतेही तपासत होतो, आणि त्या भुतांसाठी मालकांनी रॅम विकत घेतली होती.

त्यानंतर मी नेटवर्क ब्रिज्ड केले, म्हणजे मशीनला थेट नेटवर्कला जोडले, शॉपफ्लोअरच्या स्विचवरून दुसरी केबल ओढून तो सबनेट फायरवॉल न ओलांडता आतूनच तपासला, प्रिंटर वगळले, आणि मुख्य म्हणजे एका वेळी तपासायच्या संगणकांची संख्या 20 वरून 5 वर आणि प्रत्येकावर एकदम चालणाऱ्या चाचण्या 4 वरून 2 वर आणल्या. तीन कोर आणि 8 जीबीवर ते काम रविवारच्या 11 तासांत संपले. रॅम किती लागेल हे नेटवर्कमध्ये संगणक किती यापेक्षा एकाच वेळी किती चाचण्या चालतात यावर अधिक ठरते, कारण तपासणी चालू असलेल्या प्रत्येक संगणकाची माहिती रेडिस या डेटाबेसमध्ये, म्हणजे मेमरीतच, साठत असते. मूळ मांडणीत एका वेळी 80 चाचण्या चालू शकतात. मी त्या 10 वर आणल्या. वेळेचे म्हणाल तर कित्येकदा तो हार्डवेअरच्या हाती नसतोच. लिनक्सचा संगणक बंद यूडीपी पोर्टबद्दलचे (यूडीपी ही नेटवर्कवर माहिती पाठवण्याची एक पद्धत) उत्तर सेकंदाला साधारण एकदाच देतो, त्यामुळे एका संगणकाचे 65,536 यूडीपी पोर्ट तपासायला 18 तासांहून अधिक लागतात. तिथे 32 जीबी काय आणि 320 जीबी काय.

तेव्हा आपल्या डेस्कटॉपला सहा कोर असतील तर चार द्या, चारच असतील तर तीन. असतील त्याहून जास्त देण्याचा सल्ला कोणीही दिला तरी मानू नका. स्कॅन तुटला तर आधी लॉग वाचावा, खरेदीचे नंतर बघावे, एवढेच माझे त्या सल्लागारांशी भांडण होते. त्यांनी आकडेवारी ईमेलने पाठवतो म्हणून सांगितले होते. ती अजून आलेली नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. माझे 4 जीबी त्या मांडणीला खरोखरच अपुरे होते. मशीन कमी पडते आहे हे त्यांचे म्हणणे त्या रात्रीपुरते बरोबर होते, फक्त आकडा चुकला होता. डिस्क एसएसडीच असू द्या, आणि फीड (स्कॅनरच्या चाचण्यांचा साठा) पहिल्यांदा उतरवून आत घेण्यातच बराच वेळ जातो, म्हणून ते आदल्या दिवशीच उरका. नेसस या दुसऱ्या स्कॅनरबद्दल मी काही सांगत नाही, त्याचे गणित वेगळे आहे. स्कॅन करण्यापूर्वी मालकांची लेखी परवानगी घ्या, कारण परवानगीवाचून असे काही केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 43 आणि 66 गळ्याशी येऊ शकते. आपल्याकडेही यंत्रे चालवणारे पीएलसी असतील तर त्यांचे पत्ते यादीतून आधीच काढून टाका. आमच्या भट्टीचा पीएलसी पहिल्या दोन्ही स्कॅनमध्ये यादीत राहिला होता, आणि तो बंद पडला नाही याचे श्रेय मला मुळीच नाही.