लातूर जिल्ह्याची १९५१पासूनची तालुकावार आकडेवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कशी शोधायची?

तुम्हाला लातूरची १९५१ ते २०११ची तालुकावार लोकसंख्या आणि पिकांखालचं क्षेत्र हवं आहे, आणि ग्रंथालयाच्या संगणकावर 'लातूर' टाकलं की १९९१च्या मागचं काहीच येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. येणारही नाही. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२मध्ये झाला. त्याआधी तो उस्मानाबादच्या पोटात होता, आणि १ नोव्हेंबर १९५६पूर्वी हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात. त्यातही अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. म्हणून १९५१साठी दोन पुस्तकं लागतील: हैदराबाद राज्याच्या मालिकेतल्या उस्मानाबाद आणि बीदर या दोन्ही जिल्ह्यांच्या जनगणना हस्तपुस्तिका, म्हणजे एकेका जिल्ह्याचे जनगणनेचे तक्ते असलेली पुस्तकं. १९६१, १९७१ आणि १९८१साठी महाराष्ट्र मालिकेतली उस्मानाबादची, आणि १९९१पासून लातूरची. 'धाराशिव' टाकून शोधू नका. उस्मानाबादचं नाव बदललं तरी जुन्या नोंदी तशाच राहतात.

विषयाने शोधण्यापेक्षा प्रकाशकाने शोधा. सरकारी प्रकाशनाला व्यक्ती लेखक नसते, म्हणून सूचीत ते काढणारं कार्यालयच लेखक ठरतं, आणि त्याच्याआधी देशाचं किंवा राज्याचं नाव येतं. लेखकाच्या रकान्यात इंग्रजीत 'इंडिया, रजिस्ट्रार जनरल' किंवा 'इंडिया, सेन्सस कमिशनर' टाकून पाहा. राज्याच्या आकड्यांसाठी 'महाराष्ट्र, डायरेक्टोरेट ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स', आणि जुन्या काळासाठी डायरेक्टोरेटच्या जागी 'ब्युरो'. स्पेलिंगही त्या काळचं हवं: बीडचं 'भीर', सोलापूरचं 'शोलापूर', पुण्याचं 'पूना'.

एवढं करूनही जिल्ह्याचं नाव दिसत नसेल, तर बहुधा नोंद मालिकेच्या नावाने केलेली असते. 'सेन्सस ऑफ इंडिया १९६१' अशी एकच नोंद, आणि तिच्याखाली खंड आणि भागांचे नुसते क्रमांक. ती नोंद उघडून प्रती बघाव्या लागतात. शिवाय जुने खंड संगणकाच्या सूचीत चढलेलेच नाहीत, असंही बऱ्याच ठिकाणी आहे. अशा वेळी कार्ड-सूची किंवा दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती) मागा, नाहीतर सरळ मांडणीकडे जा. पुस्तकं विषयानुसार क्रमांक देऊन लावण्याच्या ड्युई पद्धतीच्या ग्रंथालयात जनगणनेची जुनी पुस्तकं ३१२ला सापडतात, कारण लोकसंख्येची आकडेवारी पूर्वी तिथे होती. नंतरच्या आवृत्त्यांनी तो वर्ग ३०४.६कडे हलवला. भारताची सर्वसाधारण आकडेवारी ३१५.४ला. एकाच मालिकेचे खंड तीन कपाटांत विखुरलेले असतात, ते यामुळे. ग्रंथपालांना 'लोकसंख्येवर काही आहे का' असं विचारू नका. 'जनगणना १९५१, हैदराबाद राज्य, जिल्हा हस्तपुस्तिका, बीदर' असं कागदावर लिहून द्या.

तुमच्या ग्रंथालयात खंड नसेल तर इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची 'इंडकॅट' ही अनेक ग्रंथालयांची संयुक्त सूची पाहा. कोणत्या विद्यापीठाकडे आहे ते कळतं. ग्रंथालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्य असेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीची विनंती करता येते, पण संदर्भ प्रती सहसा बाहेर जात नाहीत, हव्या त्या पानांच्या छायाप्रती मागा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या डिजिटल संग्रहात जुने सरकारी अहवाल स्कॅन करून ठेवलेत, आणि जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावरही जुने खंड पीडीएफ स्वरूपात आहेत. त्या स्कॅनमधून तक्ता कॉपी करून एक्सेलमध्ये टाकाल तर ३ आणि ८ची अदलाबदल झालेली सापडेल. आकडे हाताने भरा आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज छापील बेरजेशी ताडून पाहा.

आता तालुक्यांचा गुंता. १९८१ला या भागात लातूर, औसा, अहमदपूर, निलंगा, उदगीर असे पाच तालुके होते. २०११ला चाकूर, रेणापूर, देवणी, शिरूर अनंतपाळ आणि जळकोट धरून दहा. 'निलंगा १९७१' आणि 'निलंगा २०११' शेजारी ठेवलेत तर लोकसंख्येची वाढ आहे त्यापेक्षा कमी दिसेल. यावर उपाय एकच: हस्तपुस्तिकेतली गावनिहाय यादी घेऊन गावं जुन्या पाच तालुक्यांत परत बसवायची. २०११च्या हस्तपुस्तिकेचे दोन भाग आहेत, 'ए'मध्ये गाव व शहर निर्देशिका, 'बी'मध्ये प्राथमिक गोषवारा. त्यात प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक आहे. २००१चा संकेतांक वेगळा, पण 'ए' भागातल्या गावांच्या वर्णानुक्रमी यादीत दोन्ही संकेतांक दिलेले असतात. त्यामागच्या जनगणनांसाठी जुळणी नावांवरून करावी लागते. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर औसा-निलंगा पट्ट्यातली अनेक गावं नव्या जागी वसली, तेव्हा नकाशावरून जुळवू नका.

जिल्ह्याच्या बेरजेसाठी मात्र एवढी खटपट नको. जनगणनेच्या ए-२ या तक्त्यात आजच्या सीमांप्रमाणे जुळवलेली १९०१पासूनची जिल्हावार लोकसंख्या तयार मिळते. तुमची गावांची बेरीज तिच्याशी जुळते का, ते बघा. फरक मोठा असेल तर शेजारच्या जिल्ह्याकडून आलेली किंवा गेलेली गावं सुटली आहेत.

शेतीचे आकडे जनगणनेत शोधू नका. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' दरवर्षी निघतं, त्यात तालुकावार पीकक्षेत्र असतं. ते जिल्हा सांख्यिकी कार्यालय तयार करतं, म्हणून विद्यापीठात संच अपुरा असला तर तिथे जा. त्याआधीच्या काळासाठी 'हंगाम व पीक अहवाल' पाहा. जमीनधारणेसाठी कृषी गणना, १९७०-७१पासून दर पाच वर्षांनी. शेतीचं वर्ष जुलै ते जून असतं, तेव्हा ते १९७१च्या जनगणनेला थेट चिकटवू नका. जुने तक्ते एकरांत आहेत: २.४७१ एकर म्हणजे एक हेक्टर. निजामकाळातल्या तक्त्यांवर फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरलं जाणारं वर्ष, दिसेल. ५९० मिळवलं की इसवी सन साधारण येतो. महसुलाचे आकडे घेणार असाल तर रुपया हाली शिक्का (निजामाचा) आहे की कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानचा), ते बघा. सात हाली म्हणजे सहा कलदार.

राष्ट्रीय नमुना पाहणीतून तालुक्याचे आकडे काढायचा मोह आवरा. तिचा नमुना त्यासाठी फारच लहान पडतो.

कामगारांचे आकडेही वापरणार असाल तर १९६१ ते १९७१ या टप्प्यावर थांबा. १९७१ला मुख्य काम कोणतं हे आधी विचारलं गेलं, त्यामुळे घर सांभाळून शेतात राबणाऱ्या बायका मोठ्या संख्येने कामगारांतून बाहेर पडल्या. १९८१पासून मुख्य आणि सीमांतिक (वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेले) कामगार वेगळे मोजले जातात. बायकांनी काम सोडलं, असा निष्कर्ष या घसरणीवरून काढू नका.

तक्ता उतरवताना मालिका, खंड, भाग, तक्त्याचा क्रमांक, पान आणि तळटीप लिहून घ्या, आणि आकडा तात्पुरता की अंतिम तेही. २०११ला महाराष्ट्राची तात्पुरती लोकसंख्या ११,२३,७२,९७२ जाहीर झाली होती, अंतिम ११,२३,७४,३३३ आहे. फरक छोटा आहे, पण दोन्ही प्रकारचे आकडे एकाच तक्त्यात आले की बेरीज जुळत नाही आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात आठवडा जातो.