सार्वभौमत्व ईश्वराचे, पण निर्णय कोणाचा?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. पहिल्याच पानावरील ‘इस्लाममध्ये धर्म आणि राज्य यांची फारकत कधीच नव्हती’ या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे आणि हे पत्र मुख्यतः त्या रेघेपायी लिहितो आहे. इस्लामी राज्याचे पुरस्कर्ते हे वाक्य अभिमानाने उच्चारतात, तर इस्लामचे विरोधक तेच वाक्य आरोप म्हणून करतात; पण दोघांचे एकमत झाले म्हणून ते इतिहासाचे विधान ठरत नाही. ते एका वादातील एका पक्षाचे म्हणणे आहे आणि तुझा अभ्यासविषय तो वाद हाच आहे.

आधी शब्दाकडे पाहा. ‘इस्लाम म्हणजे दीन आणि दौला’, म्हणजे धर्म आणि राज्य, हे सूत्र कुराणात नाही. ते रूढ झाले आधुनिक काळात. अरबीतील ‘दौला’ शब्दाच्या मुळाशी फिरण्याचा, पालटण्याचा अर्थ आहे. संपत्ती केवळ तुमच्यातील श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये, असे कुराणात (५९:७) म्हटले आहे, तेथे याच धातूपासून आलेला शब्द आहे. फारसीमार्गे आपल्याकडे आलेली ‘दौलत’ हीच. आज आपण तिचा अर्थ संपत्ती असा घेत असलो, तरी मराठेशाहीच्या कागदपत्रांत ती राज्य या अर्थानेही भेटते. कायदेमंडळ, नोकरशाही आणि आखीव सीमा असलेले राज्य या शब्दाच्या पोटात फार उशिरा शिरले, म्हणून प्रेषित मुहंमदांच्या, सातव्या शतकातील मदिनेला तो लावताना हात आखडता ठेव.

तुझ्या आराखड्यात अली अब्दुल राझिक यांना दोन ओळी मिळाल्या आहेत. त्यांना अख्खे प्रकरण दे, असा माझा आग्रह आहे. ३ मार्च १९२४ रोजी तुर्की राष्ट्रसभेने खिलाफत रद्द केली आणि पुढच्याच वर्षी शरियत न्यायालयातील या न्यायाधीशाने, म्हणजे कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठातच घडलेल्या विद्वानाने, ‘इस्लाम आणि सत्तेची मूलतत्त्वे’ हे छोटे पुस्तक कैरोत प्रसिद्ध केले. खिलाफतीला कुराणात आधार नाही, विद्वानांच्या एकमताचाही नाही. प्रेषितांचे कार्य धर्मसंदेशाचे होते, राज्यस्थापनेचे नव्हते. आणि राज्यकारभार हा माणसाच्या बुद्धीवर व अनुभवावर सोपवलेला विषय आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी पाश्चात्त्य विचारही वाचला होता, पण हा युक्तिवाद ते कुराण, हदीस (प्रेषितांच्या वचनांच्या व आचरणाच्या परंपरा) आणि इज्मा (विद्वानांचे एकमत) याच साधनांनी उभा करतात. ‘पाश्चात्त्य प्रभाव’ या शब्दांत तू त्यांची बोळवण केली आहेस, ती मला पटली नाही.

पुढे जे घडले तेही या विचाराइतकेच बोलके आहे. १२ ऑगस्ट १९२५ रोजी अल-अझहरच्या ज्येष्ठ उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, मंडळाने त्यांची ‘आलिम’ (धर्मपंडित) ही पदवी काढून घेतली आणि तिच्यासोबत न्यायाधीशपदही गेले. कायदामंत्री अब्दुल अझीझ फहमी यांनी निकालाची अंमलबजावणी करण्याआधी कायदेशीर सल्ला मागितला, तर त्यांना मंत्रिमंडळातून दूर करण्यात आले आणि त्यांच्या पक्षाच्या सहकारी मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्या वेळी इजिप्तचे राजे फुआद यांच्या मनात स्वतः खलिफा होण्याची आकांक्षा होती, हे विसरू नकोस. धर्मशास्त्राचा दिसणारा हा खटला कोणाच्या सोयीचा होता, हा प्रश्न तुझ्या प्रकरणात उघडपणे यायला हवा.

त्यांच्या मांडणीतील उणीवही लपवू नकोस. मदिनेत करार झाले, लढाया झाल्या, कर गोळा झाला. यांचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, आणि टीकाकारांनी नेमके तेथेच बोट ठेवले होते.

जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौदूदी यांचे प्रकरण तू चांगले बांधले आहेस. ते १९०३ मध्ये औरंगाबादेत जन्मले, म्हणजे हा विचार आपल्या दारापासून फार दूर घडला नाही, ही तुझी नोंद राहू दे. मात्र ‘हाकिमियत’, म्हणजे सार्वभौमत्व केवळ ईश्वराचे, हे तत्त्व सांगून तू थांबतेस. ईश्वर निवडणूक लढवत नाही, न्यायालयातही बसत नाही. त्याच्या वतीने निर्णय देणारा माणूसच असतो. तो कोण आणि त्याला बदलणार कोण, हे प्रत्येक विचारवंताला विचार. पाकिस्तानच्या संविधानसभेने १२ मार्च १९४९ रोजी संमत केलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात ईश्वराने ही सत्ता पाकिस्तानच्या जनतेमार्फत राज्याकडे सोपवली असल्याचे म्हटले आहे. ‘जनतेमार्फत’ या एका शब्दावर लोकशाहीवाद्यांची भिस्त होती. पूर्व बंगालमधील हिंदू सदस्यांना मात्र ती पुरेशी वाटली नाही आणि त्यांनी सभागृहात विरोध नोंदवला.

इराणवरचे प्रकरण थोडक्यात आटोपलेस तरी चालेल, पण एक पत्र टाळू नकोस. इराणच्या क्रांतीचे नेते खोमेनी यांनी १९७० मध्ये इराकमधील नजफ येथील व्याख्यानांतून ‘विलायत-ए-फकीह’, म्हणजे धर्मशास्त्रज्ञाची सत्ता, ही कल्पना मांडली आणि १९७९ च्या संविधानात ती उतरली. जानेवारी १९८८ मधील पत्रात मात्र त्यांनीच लिहिले की, इस्लामी शासन हे नमाज, रोजा आणि हज यांसारख्या विधींवरही अग्रक्रम असलेले आहे आणि देशहितासाठी हजही काही काळ थांबवता येईल. धर्म आणि राज्य एक केल्यावर राज्य धर्माच्या अधीन राहते, असे तू गृहीत धरले आहेस; येथे नेमके उलट घडताना दिसते. खुद्द इराणमधील कोमच्या धर्मपीठाच्या संस्थापकांचे पुत्र मेहदी हाएरी यझदी यांनी या सिद्धान्ताला विरोध केला आणि शासक हा नागरिकांचा केवळ वकील, म्हणजे मुखत्यार आहे, असे शिया फिक्हच्याच, म्हणजे धर्मकायद्याच्याच, परिभाषेत मांडले. राझिक आणि हाएरी यांना शेजारी ठेवून वाच.

पुढच्या भेटीआधी एक काम कर. १९४९ च्या ठरावात अल्पसंख्याकांना आपला धर्म ‘मुक्तपणे’ पाळता यावा, अशी तरतूद होती. १९८५ मध्ये झिया-उल-हक यांच्या राजवटीत तो ठराव संविधानाचा प्रत्यक्ष भाग झाला, तेव्हा ‘मुक्तपणे’ हा शब्द गळलेला होता. तो परत आला २०१० मध्ये, अठराव्या घटनादुरुस्तीने. दोन्ही पाठ समोरासमोर लिहून काढ आणि मधल्या पंचवीस वर्षांत त्या गळलेल्या शब्दाबद्दल न्यायालयांत व संसदेत कोण काय बोलले, ते शोधून आण.

तुझा,
मार्गदर्शक